वेगवान मोटारीसाठी बदली टायरची निवड

मोटारगाडी कितीही शक्तिमान असली, तरी रस्त्याशी तिचा संबंध टायरच्या चार लहान ठशांपुरताच असतो. समजा, गाडीचे वजन ११०० किलो असून टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.२ किलो आहे. हे वजन पेलण्यास स्थूलमानाने ५०० चौरस सेंटिमीटर क्षेत्र लागेल. म्हणजे एकेका टायरच्या वाट्यास सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर, साधारण तळहाताएवढी, जागा येते. गाडीने वेग घेणे, वळणे व थांबणे या तिन्ही क्रिया या जागेतील घर्षणावर अवलंबून असतात. म्हणूनच वेगवान गाडीचे टायर झिजल्यावर नवे कोणते घ्यावयाचे, हा केवळ किमतीचा वा दिखाऊपणाचा प्रश्न नव्हे.

हे एका उदाहरणावरून पाहू. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही गाडी २०१३ साली बाजारात आली. तिचे एंजिन लहान, परंतु १०५ अश्वशक्तीचे होते. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ साली थांबले. अशी एखादी गाडी छत्तीसगडमधील भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात आहे, असे मानू. पोलादाच्या या नगरीत तिला जड मालमोटारींच्या वर्दळीचे रस्ते लाभतात. नागपूर तेथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि नागपूरपासून मुंबईकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. हथखोजचे खड्डे, मे महिन्यातील ४५ अंशांच्या आसपासचे ऊन आणि पुढे चार महिन्यांचा पाऊस, हे सर्व एकाच टायरला सोसावे लागते.

मापाचा अर्थ

या गाडीस प्रारंभी १८५/६० आर १५ या मापाचे टायर बसविले जात. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १११ मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर टायर रेडियल असल्याचे दर्शविते आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. यावरून टायरचा पूर्ण व्यास ३८१ अधिक २२२, म्हणजे ६०३ मिलिमीटर येतो.

पुष्कळ जण अधिक पकड मिळावी म्हणून रुंद टायर निवडतात. त्याच रिमवर १९५/६० आर १५ घेतल्यास व्यास ६१५ मिलिमीटर होईल, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढेल. परिणामी वेगमापकाचा काटा त्याच प्रमाणात कमी वेग दाखवील. १९५/५५ आर १५ घेतल्यास व्यास ५९५.५ मिलिमीटर होतो आणि काटा किंचित अधिक वेग दाखवितो. हा फरक सव्वा टक्क्याचाच असल्याने दोहोंपैकी हे माप मूळ मापास अधिक जवळचे आहे. तथापि त्याची बाजू उंचीला कमी असते. अशी बाजू वळणावर कमी झुकते, पण खड्ड्याचा आघात तिच्यातून थेट रिमपर्यंत पोचतो. हथखोजसारख्या ठिकाणी मूळ मापच राखणे शहाणपणाचे ठरते.

भार, वेग आणि उष्णता

मापापुढे ‘८४ एच’ यासारखी खूण असते. ८४ म्हणजे एका टायरने ५०० किलो भार पेलावा आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेग सोसावा. रस्त्यावर १२० चीच मर्यादा असताना २१० ची क्षमता कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर उष्णतेत आहे. ६०३ मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी १२० किलोमीटर वेगाने सेकंदास सतरा-अठरा फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात रबर दबते व पूर्ववत होते आणि त्यात खर्चिलेल्या शक्तीचा काही अंश उष्णतेत बदलतो. वेगाची खूण ही अशा उष्णतेत टिकून राहण्याची कसोटी होय. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्यापेक्षा खालच्या खुणेचा टायर घेऊ नये. अनेक टायरांवर उष्णतेविषयी ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ अशी प्रतही लिहिलेली असते. त्यांत ‘ए’ सर्वांत वरची.

हवा कमी असल्यास टायर अधिक दबतो व अधिक तापतो. उलट, थंड टायरमध्ये २७ अंशांस ३३ पौंड दाब भरला आणि आतील हवा ६७ अंशांपर्यंत तापली, तर दाब ३९ पौंडांच्या वर जातो. ही वाढ स्वाभाविक आहे व तिचा हिशेब टायरच्या रचनेत धरलेला असतो. तापलेल्या टायरमधील हवा काढून दाब ‘बरोबर’ करणे चुकीचे होय. दाब नेहमी टायर थंड असतानाच पाहावा.

पाऊस, झीज आणि वय

ओल्या रस्त्यावर खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले, तरच रबर रस्त्याला भिडते. सिलिका मिसळलेले रबर ओल्यात चांगली पकड देते. मऊ रबराची पकड उत्तम, पण ते लवकर झिजते. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. तथापि ३ मिलिमीटरवर आल्यापासूनच पाण्यात थांबण्याचे अंतर वाढू लागते. तेव्हाच बदलाची तयारी करावी. २०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन अधिकाऱ्यांनी टायरची तपासणी करून झिजलेल्या टायरच्या गाड्या अडविल्या, त्यामागील कारण हेच.

दुकानात टायरची जन्मतारीखही वाचावी. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दीर्घकाळ पडून राहिलेले रबर कडक होते, म्हणून स्वस्त मिळाला तरी जुना साठा नाकारावा.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम. दोनच घ्यावयाचे असल्यास ते एकाच जातीचे असावेत व मागील चाकांना लावावेत. पोलोचे एंजिन पुढील चाके फिरविते, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात आणि नवे पुढेच लावण्याचा मोह होतो. परंतु ओल्या वळणावर मागची चाके आधी घसरली, तर गाडी स्वतःभोवती फिरते व सामान्य चालकास ती सावरता येत नाही. टायर बसविल्यावर व्हील बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे आणि पहिले काही शे किलोमीटर गाडी संयमाने चालवावी. नव्या रबराचा गुळगुळीत थर तेवढ्यात झिजतो व टायरची खरी पकड मिळू लागते.