कूर्चेच्या पेशींचा शेजार

प्रश्न : सराफ्यात तासभर उभी राहिले की गुडघे बोलू लागतात. पेशी बाहेर वाढवून बसवतात म्हणे. त्यापेक्षा कोलॅजनची पावडर घेतली तर?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : पावडर पोटात पचते, काकू, थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. पेशींचं म्हणाल, तर गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशी भोवतालच्या जाळ्यानुसार वागतात : दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन, पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रेकन, हायलुरोनिक आम्ल. सपाट बशीत त्या भराभर वाढतात खऱ्या, पण चपट्या होऊन पहिल्या प्रकारचं, कातडीतलं कोलॅजन बनवू लागतात. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी सशाच्या अशा बिघडलेल्या पेशी अगारोजच्या जेलीत ठेवल्या. त्या पुन्हा मूळ कोलॅजन बनवू लागल्या! पेशीरोपण मात्र ठरावीक जागेच्या इजेसाठी. सरसकट झिजेला सहसा नाही. तुमचा एक्स-रे आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.