न मागितलेली माफी

शास्त्रभाग : २ शमुवेल १२:१-१४; लूक १९:१-१०

शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गात क्षमेचा पाठ आला की एक प्रश्न हटकून येतो. आमच्या वर्गात तो नववीतल्या एका मुलाने विचारला. "सर, समोरच्याने चूक कबूलच केली नाही, तर त्याला माफ कसे करायचे?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले. ते त्याला पुरले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि खरे सांगायचे तर आम्हांसही पुरले नव्हते. घरी येऊन पुढच्या पाठाची तयारी करीत असता अमेरिकेच्या इतिहासातील एक रविवार आठवला. शिक्षक बंधुभगिनींस उपयोगी पडेल म्हणून तो येथे मांडीत आहोत.

तो रविवार ८ सप्टेंबर १९७४ चा. राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड त्या सकाळी व्हाइट हाऊसजवळच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये गेले, प्रभुभोजनात सहभागी झाले आणि कार्यालयात परतले. अकराच्या सुमारास दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी एक निवेदन वाचले. महिन्यापूर्वी पायउतार झालेले राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आपल्या कारकिर्दीत देशाविरुद्ध जे गुन्हे केले किंवा केले असतील, त्या सर्वांची संपूर्ण माफी त्यांनी जाहीर केली. अद्याप खटला उभा राहिला नव्हता, आरोपपत्रही दाखल झाले नव्हते.

तरुण वाचकांसाठी मागची हकीकत थोडक्यात सांगावी लागेल. १७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले. धागेदोरे निक्सन यांच्या निवडणूक समितीपर्यंत पोहोचले. निक्सन यांनी ती चोरी करविली असे कधी सिद्ध झाले नाही. पण ती झाकण्यात त्यांचा हात होता हे सिद्ध झाले, आणि तेही त्यांच्याच कचेरीतील ध्वनिफितींवरून. २३ जून १९७२ च्या संभाषणात, गुप्तहेर खात्याला पुढे करून पोलिसी तपास थांबवावा या बेताला ते मान्यता देताना ऐकू येतात. सर्वोच्च न्यायालयाने फिती हवाली करण्याचा हुकूम दिला, प्रतिनिधीगृहाच्या समितीने महाभियोगाची कलमे मंजूर केली, आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी राजीनामा दिला. मूळ अपराधाहून तो झाकण्याचा अपराध मोठा झाला. दाविदाचे तरी काय झाले? बथशेबेच्या प्रकरणावर पांघरूण घालता घालता उरीयाचा जीव गेला.

फोर्ड हे देशभरच्या मतदानाने निवडून आलेले नव्हते. आधीचे उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांनी १९७३ मध्ये दुसऱ्याच एका भ्रष्टाचाराच्या प्रकरणात राजीनामा दिला, म्हणून काँग्रेसच्या संमतीने ते त्या जागी आले होते. शपथविधीच्या वेळी त्यांनी हे मोकळेपणाने कबूल केले आणि मतपत्रिकेने नाही तर प्रार्थनेने आपल्याला पाठिंबा द्या, अशी लोकांस विनंती केली. अशा माणसाने महिन्याभरात एवढा मोठा निर्णय घ्यावा, हे पुष्कळांना सहन झाले नाही.

फोर्ड यांची कारणे साधी होती. खटला वर्ष दीड वर्ष चालेल, तोवर देशाचे दुसरे काहीच चालणार नाही. निक्सन व त्यांच्या कुटुंबाने पुष्कळ भोगले आहे. शिवाय त्यांनी असेही सांगितले की, राष्ट्राध्यक्ष या नात्याने नव्हे तर देवाचा नम्र सेवक या नात्याने, आपण दया केली नाही तर आपल्यालाही दयेविना न्याय मिळेल. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना हा विचार कोठून आला ते सांगावयास नको.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. निक्सन यांनी कबुली दिली का? फोर्ड यांनी एका तरुण वकिलाला कॅलिफोर्नियात निक्सन यांच्याकडे पाठविले होते. बोलणी झाली, मसुदे झाले. पण शेवटी हाती आलेल्या निवेदनात निक्सन एवढेच म्हणाले की वॉटरगेट प्रकरणी आपण अधिक ठामपणे व सरळपणे वागलो नाही, ही आपली चूक झाली. गुन्हा हा शब्द त्यात नाही. नाथान संदेष्ट्याने बोट दाखविताच दाविद एका वाक्यात मोकळा झाला. ते एक वाक्य निक्सन यांच्या तोंडून निघाले नाही. पुढे १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या मुलाखतीत, आपण लोकांचा विश्वासघात केला असे ते म्हणाले, पण कायद्याने गुन्हेगार असल्याचे त्यांनी तेथेही मानले नाही.

फोर्ड यांना ही उणीव जाणवत असावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये एका निकालात म्हटले होते की माफी स्वीकारणे यात दोषाची कबुली आलीच. त्या निकालाचा उतारा फोर्ड पुढे अनेक वर्षे पाकिटात बाळगीत आणि कोणी छेडले तर काढून दाखवीत. आम्हांस ही गोष्ट फार बोलकी वाटते. आपण दिलेल्या माफीच्या समर्थनासाठी ज्याला कागद जवळ ठेवावा लागतो, त्याचे मन पुरते स्वस्थ नसावे.

त्यांच्या निर्णयाला पहिला विरोध घरातूनच झाला. प्रसिद्धिसचिव जेरल्ड टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ज्या तरुणांनी सदसद्विवेकामुळे व्हिएतनामच्या युद्धात जाण्याचे नाकारले त्यांना माफी नाही, निक्सन यांच्या हाताखालच्यांना नाही, मग एकट्या निक्सन यांनाच का, असा त्यांचा मुद्दा होता. तो खोडून काढणे कठीण आहे. हॉल्डमन, अर्लिकमन आणि मिचेल या निक्सन यांच्या निकटच्या माणसांना १९७५ च्या पहिल्याच दिवशी दोषी ठरविण्यात आले आणि पुढे प्रत्येकाने दीड वर्षाच्या आसपास तुरुंग भोगला. आठ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, फोर्ड यांनी लष्करभरती टाळणाऱ्यांनाही सवलत देऊ केली. पण तीत निष्ठेची शपथ आणि दोन वर्षांपर्यंतची समाजसेवा अशा अटी होत्या. राष्ट्राध्यक्षाला विनाअट आणि विशीतल्या पोराला अटींसह! पात्र असलेल्यांपैकी थोडेच पुढे आले.

फोर्ड यांनी त्याची किंमत मोजली. त्यांची लोकप्रियता सत्तर टक्क्यांच्या आसपास होती ती पन्नासपर्यंत घसरली. निक्सन यांच्याशी आधी सौदा झाला होता काय, या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी ते १७ ऑक्टोबरला स्वतः प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे बसले व तसे काही नव्हते असे त्यांनी सांगितले. १९७६ ची निवडणूक ते दोन टक्क्यांच्या फरकाने हरले. जिंकले ते जिमी कार्टर, जॉर्जियातील भुईमुगाचे शेतकरी आणि शब्बाथशाळेचे शिक्षक. (त्यांच्या मातोश्री लिलियन यांनी पासष्टी उलटल्यावर पीस कोअरतर्फे मुंबईच्या विक्रोळीत परिचारिका म्हणून सेवा केली होती, हे आपल्या वाचकांना आवडेल.)

कार्टर यांनी प्रचारातच सांगितले होते की लष्करभरती टाळणाऱ्यांना आपण माफ करू. युद्धातून परतलेल्या माजी सैनिकांच्या सभेत जाऊन त्यांनी ते सांगितले, आणि तेथे त्यांची हुर्यो झाली. त्यांनी केलेला भेद वर्गात समजावून देण्याजोगा आहे : एक माफी अशी की तुम्ही केले ते बरोबरच होते, दुसरी अशी की बरोबर असो वा चूक, ते आता तुमच्याकडून मागितले जाणार नाही. आपण दुसरी देत आहोत असे ते म्हणाले. २१ जानेवारी १९७७, अधिकारावर आल्याचा दुसरा दिवस, त्या दिवशी त्यांनी ती दिली. तीही अपुरीच, कारण पळून गेलेल्या सैनिकांना तिच्यातून वगळले होते. आदल्या दिवशी शपथ घेतल्यावर मात्र त्यांचे पहिले शब्द फोर्ड यांच्या आभाराचे होते, देशाची जखम भरून काढल्याबद्दल.

आमचे मत विचाराल तर फोर्ड यांची दया खरी होती, पण घाई झाली. जक्कयाच्या घरी प्रभू आधी गेला हे खरे. पण जक्कय उभा राहून बोलला, आणि ज्यांचे घेतले होते त्यांना परत मिळण्याची सोय झाली. निक्सन यांच्या प्रकरणात ज्यांची फसवणूक झाली त्या लोकांना कोणी विचारले नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००१ मध्ये केनेडी ग्रंथालयाने फोर्ड यांना धैर्याचा पुरस्कार दिला, आणि १९७४ मध्ये ज्यांनी माफीवर कडक टीका केली होती ते सिनेटर एडवर्ड केनेडी त्या समारंभात म्हणाले की त्या वेळी फोर्ड यांचेच बरोबर होते.

फोर्ड आणि कार्टर पुढे जिवलग मित्र झाले. १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या अंत्यविधीहून परतताना विमानात ही मैत्री जुळली. जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीत बोलावे असे त्यांचे ठरले. २००६ च्या डिसेंबरात फोर्ड वारले, आणि कार्टर बोलले. कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी निवर्तले, तेव्हा फोर्ड यांनी आधीच लिहून ठेवलेले भाषण त्यांच्या मुलाने वाचून दाखविले.

हा पाठ आम्ही दोन रविवारांत घेतला. पहिल्या रविवारी हकीकत, दुसऱ्या रविवारी शास्त्रभाग; एकाच तासात दोन्ही मावत नाहीत. त्या मुलाने दुसऱ्या रविवारी विचारले, "मग तुरुंगात गेलेल्यांचे काय?" त्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली, आणि घंटा झाली तेव्हा ती अर्धीच राहिली होती.