समलिंगी बंधुभगिनी व पाळकपदाची दीक्षा

वाचनाकरिता : लेवीय १८, रोमकरांस १, १ करिंथ ६, १ तीमथ्य ३.

ज्या पुरुषाचे मन पुरुषाकडे किंवा ज्या स्त्रीचे मन स्त्रीकडे ओढ घेते, अशा सभासदास पाळकपदाची दीक्षा द्यावी काय? हा वाद विलायतेचा, बीड जिल्ह्यातील खेड्यांच्या मंडळ्यांस त्याचे काय, असे पुष्कळ वडील म्हणतात. परंतु ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरास ठाणे केले, त्यांपैकी बहुतेक १९५७ साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या संघात मिळाल्या. आणि त्याच संघात २५ जून १९७२ रोजी कॅलिफोर्नियात विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणास दीक्षा मिळाली. जालन्याजवळ बेथेल वसविणारे रेव्ह. नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होते. ते चर्च बहुतांशी ज्यात विलीन झाले, त्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने २०१५ साली, कायदेशीर समलिंगी जोडीदार असलेला पाळक नेमण्याची मुभा इच्छुक मंडळ्यांस दिली. तेव्हा हा वाद आपल्या आजोळी चालला आहे, असे म्हणणे अधिक खरे.

उलटपक्षी, १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी अशा संबंधात राहणाऱ्यांस दीक्षा देण्यास नकार दिला. परंतु त्याच ठरावात अशा लोकांचे अनुभव ऐकून घेण्याचे वचनही दिले. हा उत्तरार्ध आपल्याकडे कोणी वाचीत नाही! १९७० साली नागपुरास स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया त्याच कुटुंबातील आहे.

शास्त्राविषयी पाहता, विरोध करणारे वरील पहिल्या तीन अध्यायांवर व उत्पत्तीतील विवाहाच्या स्थापनेवर उभे राहतात. दुसरा पक्ष म्हणतो की, पौलाच्या डोळ्यांपुढे मूर्तिपूजेतील व्यभिचार व मुलांची विटंबना होती, आजन्म एकनिष्ठ सोबत नव्हे. आमच्या मते पहिल्या पक्षाचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. मात्र करिंथकरांच्या त्याच यादीत लोभी, मद्यपी व निंदक हेही आहेत, आणि तीमथ्याच्या पत्राप्रमाणे अध्यक्ष द्रव्यलोभी नसावा. मंडळीच्या जमिनींचे व्यवहार करणाऱ्यांपुढे हे अध्याय कधी उघडले जातात काय?

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. मनाची ओढ निराळी व आचरण निराळे. लॅम्बेथचा नकार आचरणापुरता होता. अमेरिकेतील व स्कॉटलंडमधील मंडळ्या अशा पाळकाकडून ब्रह्मचर्याची किंवा विवाहातील एकनिष्ठेची अपेक्षा करू शकतात, कारण तेथे तसा विवाह कायद्याने होतो. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असा संबंध गुन्हा नाही असे ठरविले, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. तेव्हा येथील तरुणापुढे ब्रह्मचर्य किंवा लपवणूक, एवढेच उरते.

आणि खेड्यात त्यास अविवाहितही राहू देत नाहीत. 'लग्न करून द्या, सुधारेल' असे म्हणून एखाद्या गरिबाची मुलगी त्याच्या पदरी बांधतात. तिच्या आयुष्याचे काय होते, हे कोणत्याही कमिटीच्या कार्यवृत्तात लिहिले जात नाही. त्यातून तो उमेदवार असला म्हणजे घाई दुप्पट होते, कारण खेड्यास संसारी पाळक हवा असतो. म्हणून दीक्षेचा निर्णय चर्चच्या वरिष्ठ सभेकडे राहो; परंतु विवाहाची सूचना वाचण्यापूर्वी मुलास व मुलीस वेगवेगळे बसवून, आईबाप जवळ नसता, त्यांची खरी संमती विचारणे हे प्रत्येक पाळकाच्या हाती आजच आहे.