अपघात, कॅज्युअल्टी आणि बिल: पैसे कोण भरणार?

गाडीला अपघात होऊन माणूस कॅज्युअल्टीत पोचला की काउंटरवर डिपॉझिट मागितलं जातं. घाबरलेले नातेवाईक मित्रांना फोन लावतात, एफडी मोडायला निघतात. यातले बरेच पैसे त्यांना भरावे लागणार नसतात, पण त्या घडीला हे सांगणारं जवळ कुणी नसतं. म्हणून हे आधीच वाचून ठेवा आणि घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाकडे फक्त कागदपत्रांचं काम द्या.

डिपॉझिट नाही किंवा पोलीस अजून आले नाहीत, या कारणाने तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच हे स्पष्ट केलं आहे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 134 डॉक्टरांवर तेच बंधन घालतं. जखमीला उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसाकडूनही पैसे मागता येत नाहीत.

5 मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. उत्पन्नाची अट नाही, चूक कोणाची हा प्रश्नही नाही. योजनेतल्या रुग्णालयात हे पूर्ण मिळतं, बाहेरच्या रुग्णालयात प्रकृती स्थिर होईपर्यंतच. त्यामुळे 112 किंवा 108 ला फोन करतानाच ‘योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं?’ हे विचारा. रुग्णालय आपणहून नाव काढेलच असं नाही. काउंटरवर स्पष्ट सांगा, ‘रस्ता अपघात आहे, कॅशलेस योजनेत नोंद करा.’ अपघात झाल्याची पोलिसांकडून खातरजमा लागते. ‘आपसात मिटवू’ म्हणून पोलिसांना न कळवणाऱ्यांचं इथेच मोठं नुकसान होतं. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद झाली का, तिचा क्रमांक काय, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अपघाताच्या उपचारांची मर्यादा 2023 च्या शासन निर्णयाने 30 हजारांवरून 1 लाख रुपये झाली. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

मोठं खासगी रुग्णालय असेल तर ते धर्मादाय आहे का, हे जरूर विचारा. मुंबई-पुण्यातली अनेक नामांकित रुग्णालयं धर्मादाय आहेत आणि रुग्णांना ते ठाऊक नसतं. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात देणं बंधनकारक आहे. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार, दुर्बलसाठी 3 लाख 60 हजार रुपये. अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे करायचा, तोही दाखल असतानाच. बिल भरून घरी आल्यावर सवलत मागायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.

मेडिक्लेम असेल तर अपघातासाठी सुरुवातीचे 30 दिवस थांबण्याची अट नसते. दाखल होताच, शक्यतो 24 तासांत, कंपनीला कळवा. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असा विमा नियामक आयआरडीएआयचा 2024 चा नियम आहे.

खरा खड्डा खोलीभाड्याचा. समजा पॉलिसीत दिवसाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतलीत. वरचे 3,000 गेले एवढ्यावर भागत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते: 80,000 च्या फीपैकी 50,000 च मंजूर होतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं मात्र या कात्रीत येत नाही. कंपनीने तिथेही कापाकापी केली तर लेखी हरकत घ्या. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचे पैसे बहुधा तुमच्याच खिशातून जातात. गाडीच्या पॉलिसीतल्या 15 लाखांच्या अपघात विम्यावर विसंबू नका. तो मालक-चालकाच्या मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, रुग्णालयाच्या बिलासाठी नाही.

एकरकमी आकडा लिहिलेलं बिल स्वीकारू नका. तपशीलवार बिल, प्रत्येक औषधाची पावती, इम्प्लांटचं स्टिकर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड हे सगळं मागून घ्या. विमा कंपनी मूळ कागद ठेवून घेते, म्हणून आधी रुग्णालयाच्या शिक्क्यासह प्रतींचा एक संच करून ठेवा. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही.

तो प्रतींचा संच पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, पुढच्या ऑपरेशनचा खर्च हे तिच्या विमा कंपनीकडून मागता येतं. मेडिक्लेम मिळाला म्हणून ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे. गाडी पळून गेली असेल तर गंभीर जखमींना 50 हजार आणि मृताच्या वारसांना 2 लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात.

दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे आणि ती डिस्चार्जच्या नव्हे, अपघाताच्या तारखेपासून मोजतात.