छताची नाडीपरीक्षा

पाऊस तोंडावर आला की गावोगावच्या काँक्रीटच्या गच्च्यांवर डागडुजी सुरू होते. छताला ओल दिसली, वरून सिमेंटचा हात फिरवला, खालून रंग दिला, झाले! रोग्याला न तपासताच औषध देण्याचा हा प्रकार आहे. जाणकार अभियंता छत तपासतो म्हणजे नेमके काय करतो, आणि घरमालकाने त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरावी, हे समजायला शाळेतले भौतिकी व रसायन पुरेसे आहे.

तो प्रथम गच्चीवर जातो. पाणी वाहून जाण्यासाठी दर मीटरला निदान १ सेंटिमीटर ढाळ असावा. जिथे डबके साचते तिथे वाळल्यावरही मळकट डाग उरतो. एक चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलोग्रॅम. समजा, १० मीटर लांब व तितक्याच रुंद गच्चीच्या नळाचे तोंड पाल्याने तुंबले आणि ५ सेंटिमीटर पाणी साचले, तर भार ५ टन! पण हे पाणी निदान निघून तरी जाते. विटांच्या तुकड्यांचा १० सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भरतो आणि तो कायमचा. माणसांच्या वावरासाठी गच्चीवर साधारण १५० किलोग्रॅम भार धरतात, हे लक्षात घ्या. जुन्या कोब्यावर नवा कोबा घाला म्हणणारा कारागीर गळती थांबवील कदाचित, पण स्लॅबवर केवढे ओझे ठेवील!

आता खालची बाजू. तपासनीस छोट्या हातोडीने छत ठोकत जातो. बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतोच ना? भरीव छताचा आवाज आखूड व टणक येतो. आतला थर सुटला असेल तर तो ढोलाच्या कातड्यासारखा कंप पावतो आणि आवाज पोकळ येतो. अशी जागा खडूने आखून घेतात. मात्र केवळ गिलावा सुटला आहे की काँक्रीटच, हे आवाजावरून कळत नाही. त्यासाठी थोडा गिलावा काढावा लागतो. ‘घाण होईल’ म्हणून घरमालकाने त्याला अडवू नये. त्या पोकळ थराखाली कोणाची तरी खाट असते.

थर सुटतो कशाने? काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा एक अतिपातळ, संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो, तेथील चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनवतो, आणि अल्कधर्मीपणा घटतो. मग ओलाव्याने सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते.

हे तुम्हाला प्रयोगशाळेत पाहता येईल. चुन्याच्या स्वच्छ निवळीत फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. ती गुलाबी होईल. नळीने तीत फुंकर घालत राहा (वर ओढू नका). निवळी दुधाळ होईल आणि गुलाबी रंग मावळेल. अभियंता नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर हाच द्रव फवारतो. बाहेरचा जितका थर रंगहीन राहतो, तितका कार्बन डायऑक्साइड आत पोहोचला.

ही खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १० मिलिमीटरला १० वर्षे लागली असतील, तर २० मिलिमीटरला २० नव्हे, ४० वर्षे लागतील. उलट बाजूने पाहा: गवंड्याने सळईखाली २० ऐवजी १० मिलिमीटरच काँक्रीट ठेवले, तर संरक्षणाचा काळ निम्मा नव्हे, चौथाई झाला! समुद्रकाठी मात्र गुलाबी रंगावर विसंबू नये. खाऱ्या हवेतील क्लोराइड अल्कधर्मी काँक्रीटमध्येही तो पापुद्रा तोडतो. तिथे क्लोराइडची वेगळी परीक्षा हवी.

शंका उरलीच तर श्राव्यातीत ध्वनीची मदत घेतात. स्लॅबच्या वर एक व खाली एक उपकरण धरून ध्वनीला लागणारा वेळ मोजतात. १२ सेंटिमीटर जाडी ३० मायक्रोसेकंदांत पार झाली, तर वेग सेकंदाला ४ किलोमीटर आला. हे चांगल्या काँक्रीटचे लक्षण. तोच ३ च्या खाली गेला तर दर्जा संशयास्पद, कारण भेगांना वळसा घालताना ध्वनीचा वेळ जातो. यासाठी वरचा कोबा त्या जागी काढावा लागतो. कोब्यावरूनच मापन करणाऱ्याला ‘वेग कशाचा मोजलात?’ असे खुशाल विचारा.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने आवश्यक आहे. पण अहवाल म्हणजे नुसता दाखला नव्हे. त्यात छताचा नकाशा, त्यावर पोकळ जागा व भेगा, प्रत्येक परीक्षेचे आकडे, आणि कोणत्या खोलीत टेकू ताबडतोब लावायचे, कोणते काम पावसानंतर चालेल, हे स्पष्ट लिहिलेले असावे. तपासणारा आणि दुरुस्तीचा ठेका घेणारा शक्यतो एकच नसावा. अहवालाची प्रत जपून ठेवा. तीन वर्षांनी दुसरा अभियंता आला, तर कोणती भेग वाढली हे त्याला त्या नकाशावरूनच कळेल.