बेटावरचा एक दिवस : मालवणने शिकवलेल्या सात गोष्टी

चाकणच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक कोरियन सहकारी बसतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते मोबाईलवर जेजू बेटाचे फोटो दाखवत होते. कोरियाच्या दक्षिणेचं हे ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट, मधोमध १,९४७ मीटर उंचीचा हाल्लासान डोंगर. तिथल्या एका दिवसात त्यांनी समुद्रकाठच्या सुळक्यावरून सूर्योदय पाहिला होता, संत्र्यांच्या बागेत फिरले होते, अबलोन हा समुद्री शंख घातलेली तांदळाची पेज खाल्ली होती. फोटो संपल्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे असं बेट कोणतं?” मी लगेच म्हणालो, “सिंधुदुर्ग.” “कसं आहे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालवणसमोरचं ते बेट मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलं होतं.

आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडीत येऊन २२ वर्षं झाली, पण कोकणात जाणं राहूनच गेलं होतं. त्या प्रश्नानंतर ठरवलं. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, त्याला जोडून शुक्रवारची रजा. गुरुवारी रात्री डांगे चौकातून स्लीपर बस धरली. मी, बायको, नववीतली मुलगी, माझी आई आणि आग्रहाने सोबत घेतलेले ते सहकारी. कोल्हापूरमार्गे घाट उतरून कणकवली, कसाल करत सकाळी मालवणात उतरलो. त्या एका दिवसात जे शिकलो, ते इथे लिहितो आहे.

१. यादी नंतर करा, आधी तिथी बघा

मुलीने ठिकाणांची यादी तासावार केली होती. पहिलं नाव पद्मगड, किनाऱ्याजवळचा छोटा गड. दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी इथे चालत जाता येतं, एवढंच आम्ही वाचलं होतं. साडेनऊला किनाऱ्यावर पोचलो तर गडाची वाट पाण्याखाली. जाळं निवडत बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “आता खंय जातास? पाणी भरलेलां आसा. चार वाजता येवा.”

घड्याळ न बघता त्यांनी चार कसे सांगितले, ते मी विचारलं. त्यांनी वाळूवर बोटाने हिशेब मांडून दाखवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी पौष शुद्ध त्रयोदशी. १३ ची पाऊणपट पावणेदहा, म्हणून पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे चारच्या आसपास. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते आणि हे सगळं चंद्रावर चालतं, म्हणून तिथीत बसतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढा हिशेब पुरतो. एक लक्षात ठेवा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि ओहोटीला पाणी खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ते तेवढं हटत नाही.

आमची उभी जिंदगी शिफ्टच्या भोंग्यावर गेली. समुद्राचीही शिफ्ट असते, ती आपण आधी विचारून घ्यायची.

२. होडीतून उतरल्यावर दारात थांबा

पाणी भरलेलं होतं म्हणून आधी सिंधुदुर्गाची होडी धरली. धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झालं. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून खडक आहे, बांधकामाआधीची पूजा तिथे झाली. बेट सुमारे ४८ एकरांचं, तट सुमारे ३० फूट उंच.

होडी अगदी जवळ गेली तरी दरवाजा दिसेना. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवला आहे की बाहेरून येणाऱ्याला तटच दिसतो. होडीतून उतरल्यावर बहुतेक माणसं फोटो काढत सरळ आत जातात. तुम्ही तिथे पाच मिनिटं थांबा आणि मागे वळून समुद्राकडे बघा. शत्रूच्या जहाजाला काय दिसत असेल ते त्या जागी उभं राहिल्यावरच कळतं.

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं. इथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे. आपल्या डोळ्यांसमोरच्या चित्रापेक्षा ती वेगळी दिसते, म्हणून समोर शांत उभं राहावंसं वाटतं.

३. बेटावर गोडं पाणी कुठे आहे ते आधी शोधा

किल्ल्यात तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध पिण्याजोगं गोडं. आईला आम्ही दूधबावेपाशी नेलं. तिची अर्धी हयात टँकरच्या रांगेत गेली. ती कठड्याला धरून वाकली, खालचं पाणी बघत बराच वेळ तशीच राहिली. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, “एवढ्या खाऱ्यात गोडं! ज्यानं ही जागा हेरली त्याला पाण्याची किंमत ठाव होती.”

सहकाऱ्यांना तिचं बोलणं मी समजावून सांगितलं. त्यावर ते जेजूबद्दल बोलू लागले. तिथला खडक सच्छिद्र, पाऊस भरपूर पडूनही पाणी खाली झिरपून जातं आणि किनाऱ्याशी झऱ्यांच्या रूपाने वर येतं. म्हणून जुनी गावं किनाऱ्याने वसली. बायका मातीच्या घड्यात पाणी भरून तो पाठीवर वाहून आणत. आईने ते ऐकलं आणि आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवला : “आम्ही हितं.”

बेटावर माणूस राहू शकतो तो या पाण्यामुळे. तट, बुरुज, तोफा सगळं त्यानंतर येतं. म्हणून विहीर पाहिल्याशिवाय कोणत्याही बेटावरून परतू नका.

४. जेवायला बसल्यावर “आज काय आलंय?” असं विचारा

मेन्यूकार्ड बघून पापलेट मागवणं सोपं आहे. आम्ही वाढणाऱ्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, बांगडा सकाळचा आहे, तोच घ्या. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी आली. सहकाऱ्यांनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवून वास घेत राहिले. जिभेला हलकी झिणझिणी आणणारी तिरफळाची ती चव त्यांच्या ओळखीची होती. कोरियात ‘चोपी’ नावाचा मसाला माशाच्या रश्श्यात घालतात, तो तिरफळाच्याच कुळातला. वर सोलकढी प्यायले आणि पुन्हा मागितली.

आई माळकरी. तिच्यासाठी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती, तिने चवीने खाल्ली. मालवणात शाकाहारी माणसाचं काय होणार, ही काळजी करू नका.

५. घरच्या साध्या मालाकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी बघा

बाजारात सुक्या मासळीच्या ढिगात वाकटी होती. लांब, चपटी, चंदेरी. माझ्या बायकोने ती पिंपरीच्या बाजारात शंभरदा पाहिली आहे आणि पुढे गेली आहे. सहकारी मात्र तिथेच थबकले. जेजूला ‘गाल्ची’ म्हणून याच कुळातला ताजा मासा मुळा आणि तिखट घालून शिजवतात. पाहुणे मुद्दाम तो खायला जातात, चांगले पैसे मोजतात. आपल्याकडच्या गोष्टीची किंमत आपण फार लवकर कमी करतो. त्या दिवशी आम्ही पाव किलो वाकटी घेतली.

६. ओहोटीला काम करणाऱ्यांना वाट द्या

चार वाजता पुन्हा दांडीवर आलो. सकाळी जिथे पाणी होतं तिथे ओले खडक उघडे पडले होते. वेताळाचं मंदिर असलेल्या पद्मगडावर पायी जाऊन आलो. येताना खडकांत दोन बाया ओणव्या होऊन कालवं काढत होत्या. कोयत्याच्या टोकाने शिंपलं फोडायचं, आतला गर डब्यात टाकायचा, पुढच्या शिंपल्याकडे सरकायचं. अर्धा डबा भरायला किती वाकावं लागतं, ते मुलगी बघत राहिली. तिने फोटोसाठी मोबाईल काढला, मग विचारलं, “काकू, काढू का?” त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

सहकाऱ्यांनी तेव्हा जेजूच्या हेन्योंची गोष्ट सांगितली. या बायका हवेच्या टाकीशिवाय, एका श्वासावर, दहा मीटरपर्यंत बुडी मारून समुद्राच्या तळाची शंख-शिंपली आणि वनस्पती गोळा करतात. त्यांच्यात सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आहेत. वर आल्यावर त्यांच्या तोंडून शीळ निघते, त्या शिळेला तिथे वेगळं नाव आहे. युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांच्या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. आमच्या समोर कोयता घेऊन बसलेल्या बायांचं ज्ञानही तेवढ्याच मोलाचं आहे. आपल्या ताटातलं कालवांचं सुकं त्यांच्या कमरेच्या दुखण्यातून येतं.

७. परतीची वेळ पाळा, बेटाला विश्रांती द्या

पद्मगडावर सूर्यास्तापर्यंत थांबायचा मुलीचा हट्ट होता. आम्ही निघालो, आणि थोड्याच वेळात वाटेत पाणी चढताना दिसलं. भरती थांबत नाही, पाण्याशी पैज लावू नका. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत ताजी सुरमई हवी म्हणून हटून बसू नका. नेलेली बाटली आणि पिशवी परत आणा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात सिंधुदुर्ग आहे. जेजूला हा मान २००७ मध्ये मिळाला. आता गर्दी वाढेल. आपण तिथे कसे वागतो, यावर तो वारसा टिकेल.

काळेवाडीपासून मालवण एका रात्रीच्या बसवर आहे. पुढच्या सुट्टीत निघणार असाल तर तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि तिथी बघा. आणि घरात टँकरच्या रांगेत उभं राहिलेलं कोणी वडीलधारं असेल, तर त्यांना सोबत घेऊन जा. दूधबाव त्यांना दाखवा.