हरभऱ्यावरची उलटी लटकलेली अळी

हरभऱ्याच्या शेंड्यावर कधी कधी एखादी अळी डोके खाली करून लटकलेली दिसते. ती मेलेली असते. पण मरायला ती शेंड्यावरच का गेली? ती आपल्या मनाने गेली नाही. तिला वर चढवणारा तिच्या पोटात होता.

या अळीस घाटेअळी म्हणतात. ती डोके घाट्यात खुपसते, अंग बाहेर ठेवते आणि आतला दाणा खाते. एक अळी ३० ते ४० घाटे फस्त करते. अळ्या जास्त झाल्या की घरात डाळ नाही आणि बाजारात न्यायलाही काही नाही.

या अळीला विषाणूचा रोग होतो. विषाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो पाल्याबरोबर पोटात जातो. मग अळी सुस्त होते, खाणे कमी करते आणि वर वर चढते. पाच-सात दिवसांत ती मरते, काळी पडते. कातडी फुटून पातळ पाणी गळते. त्या पाण्यात विषाणूच विषाणू! ते खालच्या पानांवर पडते. ती पाने खाल्ली की दुसऱ्या अळ्या आजारी. बघा, कसा लबाड आहे!

अमेरिकेत झाडांची पाने खाणारी दुसरी एक अळी आहे. तिलाही असाच विषाणू वर चढवतो. २०११ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या विषाणूतले एक जनुक काढून टाकले. जनुक म्हणजे जिवाच्या अंगात लिहिलेला हुकूम, असे गुरुजींनी सांगितले. मग अळ्या उंच बाटल्यांत ठेवल्या. हुकूम असलेल्या विषाणूच्या अळ्या वर जाऊन मेल्या. हुकूम काढलेल्या विषाणूच्या अळ्याही मेल्या, पण खालीच. ते जनुक अळीचा कात टाकण्याचा रस निकामी करते.

आपल्याकडे शेतकरी हाच विषाणू हरभऱ्यावर फवारतात. एका हेक्टरला २५० रोगट अळ्यांमधला विषाणू पुरतो. माणसाला, गुराला, मधमाशीला तो काही करत नाही. उन्हाने मात्र तो मरतो. म्हणून संध्याकाळी फवारतात आणि पाण्यात नीळ टाकतात. आई पांढऱ्या कपड्यांना घालते तीच नीळ! अळी लहान असतानाच फवारावे लागते. मोठी अळी मरेपर्यंत घाटे खातच राहते.

— इयत्ता ४ थी